कार्यकर्त्याचे पहिले काम : विचारणे

(यावल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



चळवळीच्या अभ्यासवर्गांत बहुधा उत्तरे दिली जातात. जमिनीचा प्रश्न असो, मजुरीचा असो की पाण्याचा असो, वक्ता येतो, तासभर बोलतो आणि शेवटी 'कोणाला काही शंका आहेत काय?' असे विचारतो. शंका निघाल्या नाहीत म्हणजे विषय सर्वांना समजला असे गृहीत धरले जाते आणि मंडळी चहाला उठतात. आजचा विषय याच्या उलट टोकाचा आहे. कार्यकर्त्याने लोकांना काय सांगावे याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याने लोकांना काय विचारावे, कसे विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय करावे, याची चर्चा फारशी झालेली नाही. विचारणे ही कोणालाही येणारी गोष्ट आहे असे वाटते. अनुभव मात्र असा आहे की चळवळींचे जेवढे नुकसान चुकीच्या उत्तरांनी झाले, तेवढेच न विचारलेल्या प्रश्नांनीही झाले.

या विषयासाठी यावलइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. याच तालुक्यातील फैजपूर येथे २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याचा भार उचलला, साने गुरुजी त्यासाठी खानदेशभर हिंडले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि तत्सम गावठी साहित्यातून तिथली सजावट उभी केली, आणि अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते. हा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो. परंतु त्या अधिवेशनाची दुसरी एक बाजू तितकीशी सांगितली जात नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लखनौला भरलेल्या अधिवेशनाने प्रांतिक समित्यांना असे सांगितले होते की, आपापल्या प्रांतातील शेतकऱ्याची स्थिती तपासा आणि तिच्यावर उपाय सुचवा. खंड, सारा, कर्ज, वेठ, शेतमजुराची मजुरी हे विषय फैजपूरच्या कृषिविषयक ठरावात आले, त्यामागे ही भूमिका होती. देशाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या संस्थेला आपल्याच देशातला शेतकरी कसा जगतो हे विचारून घ्यावे लागेल, अशी ती प्रांजळ कबुली होती.

फैजपूरलाच त्या दिवसांत अखिल भारतीय किसान सभेचेही अधिवेशन झाले. त्यासाठी मनमाडहून सुमारे ५०० शेतकरी २०० मैलांहून अधिक वाट पायी तुडवत आले. व्ही. एम. भुस्कुटे आणि जे. बुखारी हे त्या पदयात्रेचे नेते होते. वाटेतल्या गावांना किसान सभेचा हेतू समजावून सांगावा, हा पदयात्रेचा उद्देश असल्याची नोंद आहे. पण २०० मैल पायी चालणारा माणूस नुसता सांगत चालत नाही. गावाच्या पाण्यावर थांबावे लागते, कोणाच्या ओसरीत पाठ टेकावी लागते, भाकरी ज्या घरची खायची त्या घरची विचारपूस करावी लागते. मोटारीतून सभेला येणारा वक्ता आणि पायी येणारा कार्यकर्ता यांच्यातला फरक इथे आहे. पायी येणाऱ्याला विचारण्यावाचून गत्यंतर नसते.

विचारणारा कोण?

आता एक अडचण प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. सातपुड्याच्या कुशीतल्या पावरा, भिल्ल किंवा तडवी माणसाला प्रश्न नवे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याला प्रश्नच विचारले गेले आहेत. वनरक्षकाने विचारले, 'हे लाकूड कुठून आणले?' पोलिसाने विचारले, 'काल रात्री कुठे होतास?' तलाठ्याने विचारले, 'या जमिनीवर तुझे नाव कुठे आहे?' सावकाराने विचारले, 'मागचे कधी फेडणार?' या सर्व प्रश्नांत एक गोष्ट समान आहे. विचारणाऱ्याच्या हाती सत्ता आहे, आणि उत्तर कोणतेही दिले तरी ते उत्तर देणाऱ्याच्याच अंगावर येणार आहे. अशा माणसाने प्रश्न ऐकताच गप्प राहावे, 'माहीत नाही' म्हणावे, किंवा समोरच्याला हवे असेल ते बोलून मोकळे व्हावे, यात त्याचे अज्ञान नाही. स्वतःचा जीव वाचवण्याची ती जुनी, कसोटीला उतरलेली रीत आहे.

म्हणून वही-पेन घेऊन पाड्यावर गेलेल्या तरुण कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी जी उत्तरे मिळतात, ती त्याने खरी मानू नयेत आणि ती खोटी निघाली म्हणून रागावूही नये. ती उत्तरे त्याला दिलेलीच नसतात. त्याच्या आधी येऊन गेलेल्या शंभर विचारणाऱ्यांना ती दिलेली असतात. या शंभरांच्या रांगेतून स्वतःला बाजूला काढणे हे त्याचे पहिले काम. ते भाषणाने होत नाही. त्याने स्वतः काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. 'तू कोणाचा? तुझ्या घरी जमीन किती? तुझे पोट कशावर चालते? हे लिहून तू कोणाला देणार? आम्हांला यातून काय?' हे प्रश्न पाड्यावरची माणसे मनात विचारतातच. ती ते तोंडाने विचारू लागली म्हणजे काम सुरू झाले असे समजावे. ज्याला उलट प्रश्न चालत नाही, त्याची चौकशी साहेबाच्या चौकशीहून वेगळी राहत नाही.

समाजवादी परंपरेतील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८८० मध्ये कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी शंभराच्या घरातील प्रश्नांची एक यादी तयार केली. 'रेव्ह्यू सोशालिस्ट' या नियतकालिकात ती त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या २५,००० प्रती वाटण्यात आल्या. कारखान्यात हवा किती, धूळ किती, अपघात झाला तर भरपाई कोण देते, मुले किती वयापासून कामाला लागतात, घरभाडे आणि भाकरी यांचे दर काय, पगार कधी आणि कसा मिळतो, असे ते प्रश्न होते. ज्या विचारवंताने भांडवलाचे शास्त्र मांडण्यात आयुष्य घालवले, त्याने उतारवयात कामगाराला पत्र लिहून विचारावे की तुझे तू सांग, कारण तुझ्या दुखण्याचे पूर्ण ज्ञान तुझ्याखेरीज कोणालाही नाही, ही विचाराची नम्रता होती. परंतु उत्तरे फारच थोडी आली. प्रश्न उत्तम होते. ते कागदावरून आले होते आणि कागदावरच परत जायचे होते. दिवसाचे काम संपवून थकून आलेल्या माणसाशेजारी बसून ते विचारणारे कोणी नव्हते. उत्तम प्रश्नाला उत्तम सोबत लागते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

वनहक्काचा दावा आणि म्हाताऱ्याचा जबाब

हा विषय पुस्तकी नाही, हे यावल-रावेर-चोपड्याच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. २००६ मध्ये संसदेने वनहक्काचा कायदा केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे, त्याचा त्या जमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मान्य करावा असे तो कायदा म्हणतो. जी पारंपरिक वननिवासी कुटुंबे आदिवासी नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. अभयारण्यातील जमीनही या कायद्याच्या बाहेर नाही. ज्या तालुक्याच्या नावाचेच अभयारण्य आहे, तिथे हे विशेष ध्यानात ठेवावे.

या कायद्यातील क्रांतिकारक तरतूद पुराव्याविषयी आहे. नियम १३ मध्ये जी पुराव्यांची यादी दिली आहे, तीत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, मतदार ओळखपत्र व शिधापत्रिका आहेत. पण त्यांच्याच पंक्तीला बांध, सपाटीकरण, झोपडी, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, घराण्याची वंशावळ, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हेही आहेत. शंभर-सव्वाशे वर्षे ज्याच्या शब्दाला सरकारदरबारी किंमत नव्हती, त्या अक्षरशून्य म्हाताऱ्याची आठवण हा या कायद्याने पुरावा ठरवला. २०१२ च्या दुरुस्तीने तर हेही स्पष्ट केले की, अमुकच प्रकारचा पुरावा आणा असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येणार नाही.

आता प्रश्न असा की, ही आठवण लिहून घेणार कोण, आणि ती कशी विचारणार? समजा, वनहक्क समितीचा एक तरुण सदस्य म्हाताऱ्यासमोर छापील अर्ज घेऊन बसला आणि म्हणाला, 'आबा, २००५ च्या डिसेंबराआधीपासून तुमच्या शेजारचा ही जमीन कसतो ना?' आबा म्हणतील, 'हो.' तरुण 'हो' लिहून अंगठा घेईल आणि पुढच्या झोपडीकडे जाईल. दिवसभरात वीस जबाब होतील, सर्वांची भाषा एक, सर्वांचे शब्द एक. वरच्या समितीपुढे हे वीस कागद गेले म्हणजे ते साच्यातून काढलेले आहेत हे पहिल्या नजरेत दिसेल. आबा खोटे बोलले नव्हते. विचारणाऱ्याने त्यांच्या तोंडात उत्तर घातले आणि खऱ्या साक्षीला खोट्याची कळा आणली.

तोच तरुण घटकाभर बसला असता आणि आबांना शेतावर घेऊन गेला असता तर? 'हा बांध कोणी घातला? घातला तेव्हा तुमचा थोरला मुलगा केवढा होता? बांधावरचे हे अंजनाचे झाड राखले कोणी? पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा बैल कोणाचे होते? ७२ च्या दुष्काळात या तुकड्यात काय पेरले होते, की खडी फोडायला गेला होता? वनखात्याने पहिला दंड कधी केला, आणि त्याची पावती कोणाच्या पेटीत आहे?' आबांना तारीख ठाऊक नसते. पण मुलाचे वय ठाऊक असते, दुष्काळ ठाऊक असतो, कोणत्या साली कोणत्या रोगाने बैल मेला हे ठाऊक असते. अक्षरशून्य माणसाचे पंचांग घटनांचे असते. विचारणाऱ्याला ते पंचांग वाचता आले पाहिजे. या प्रश्नांतून जो जबाब निघतो तो दुसऱ्या कोणाच्या जबाबासारखा असूच शकत नाही. म्हणून तो टिकतो. दंडाच्या पावतीचे तर विशेष आहे. ज्या कागदाने एकेकाळी बापाला गुन्हेगार ठरवले, तोच कागद आज मुलाच्या हक्काचा पुरावा होतो. मात्र ती पावती पेटीत आहे की चुलीत गेली, हे कोणी विचारले तर कळायचे.

यात किती पणाला लागले आहे, हे १३ फेब्रुवारी २०१९ या दिवसाने दाखवले. ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून काढावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. देशभरातील लाखो कुटुंबांच्या पायाखालची जमीन त्याने हलली. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि दावे फेटाळताना रीतसर पद्धत पाळली गेली काय, याचा खुलासा राज्यांकडे मागण्यात आला. फेटाळलेल्या दाव्यांमागे अनेक कारणे होती. वनखात्याची अनिच्छा होती, समित्यांची बेपर्वाई होती, कारण न कळवता केलेले नकार होते. त्यांच्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण घाईने भरलेले, एकाच साच्याचे, म्हाताऱ्यांना नीट न विचारता लिहिलेले जबाब हे नकार देणाऱ्याचे काम सोपे करतात. साहेबाची चूक दाखवताना चळवळीने स्वतःच्या वहीकडेही पाहिले पाहिजे.

चांगला प्रश्न कोणता?

यावरून चांगल्या प्रश्नाची काही लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण असे की, तो माणसाला त्याच्या रोजच्या जगण्यात शिरून विचारलेला असतो. केळीच्या बागेत काम करणाऱ्या मजुराला 'मजुरी किती मिळते?' असे विचारले तर तो एक आकडा सांगेल आणि तो आकडा बहुधा बरोबरही असेल. पण त्या आकड्यावरून त्याचे जगणे कळत नाही. 'मागच्या पंधरवड्यात काम किती दिवस लागले? बोलावले कोणी? घड कापायचे, वाहायचे आणि गाडीत भरायचे यांचे पैसे वेगवेगळे की एकत्र? उचल किती घेतली होती आणि तिच्यापोटी किती कापले? पावसात काम बंद पडले त्या दिवशी चूल कशावर पेटली?' अशा पाच-सहा प्रश्नांनंतर मजुरीचा आकडा आणि हाती पडलेली रक्कम यांच्यातली दरी उघडी होते. मोर्चाच्या मागणीपत्रकात जी मागणी लिहायची ती या दरीतून वर येते. कचेरीत बसून लिहिलेली मागणी मोठी असू शकेल, गर्जना करणारी असू शकेल. पण ती ऐकून मजुराला 'हे माझेच आहे' असे वाटणार नाही.

दुसरे लक्षण, तो योग्य ठिकाणी आणि योग्य भाषेत विचारलेला असतो. सालदाराला मालकाच्या खळ्यात विचारलेला प्रश्न हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. स्त्रीला सासऱ्यासमोर विचारलेला प्रश्न तसाच. या पट्ट्यात लेवा बोली आहे, अहिराणी आहे, तडवी माणसाची बोली आहे, डोंगरात पावरी आणि भिलोरी आहेत. आणि कार्यकर्ता मात्र प्रमाण मराठीत 'आपली आर्थिक परिस्थिती कशी आहे?' असे विचारतो. या प्रश्नाला 'बरी आहे' यापलीकडे उत्तर नाही. ज्याला बोली येत नाही त्याने लाज न बाळगता तसे सांगावे आणि शब्द विचारून घ्यावेत. शब्द शिकवणारा माणूस त्या घटकेपुरता गुरू होतो, आणि गुरू झालेला माणूस मोकळा बोलतो.

तिसरे लक्षण, चांगल्या प्रश्नानंतर विचारणारा थांबतो. डोंगरातला माणूस विचार करून बोलतो. शहरातून आलेल्या कार्यकर्त्याला ती स्तब्धता सहन होत नाही. तो स्वतःच उत्तर सुचवतो, आणि समोरचा ते मान्य करतो. गप्प राहण्याची ती दोन मिनिटे ज्याला साधली त्याला अर्धी विद्या साधली.

चौथे लक्षण उत्तरानंतरचे आहे. जे लिहिले ते वाचून दाखवावे. 'तुम्ही असे म्हणालात, बरोबर आहे का?' असे विचारावे. इथेच पुष्कळ दुरुस्त्या होतात आणि इथेच माणसाला पहिल्यांदा वाटते की आपले बोलणे कोणी चोरून नेत नाही. जे लिहू नको असे तो सांगेल ते खोडून टाकावे. उत्तर हे देणाऱ्याच्या मालकीचे आहे, ही गोष्ट ज्या कार्यकर्त्याला पटत नाही, त्याने जमिनीच्या मालकीवर भाषण करू नये.

खानदेशची शिदोरी

विचारून, ऐकून, लिहून घेण्याची एक थोर परंपरा याच मातीत आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, ती आज घरोघर वाचली जातात, कारण गुरुजींनी ती शब्दशः उतरवून घेतली. पण गुरुजींचे कान थोरांपुरते नव्हते. जात्यावर बसलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांच्या ओव्या त्यांनी त्याच निष्ठेने गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' या नावाने मराठी वाचकांपुढे ठेवल्या. विनोबांचे प्रवचन आणि माजघरातली ओवी या दोन्हींपुढे एकाच विनयाने बसणारा लेखक समाजवादी चळवळीला आपला वाटला, यात नवल नाही.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले, असोद्याचे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये तिथे जन्मल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरकामात त्यांची गाणी जन्मत आणि बहुतेक तिथेच विरून जात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ यांनी त्यांतली काही टिपून ठेवली म्हणून ती राहिली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. या घटनेचा गौरव सर्वजण करतात, पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून आईच्या ओठांवर काय आहे हे त्यांना ओळखता आले. ज्यांच्या घरात कवी जन्मला नाही, अशा किती स्त्रियांची गाणी, किती शेतकऱ्यांचे पाण्याचे आणि बियाण्याचे ज्ञान, किती पावऱ्यांची झाडपाल्याची ओळख कोणी न विचारल्यामुळे मातीत गेली असेल? गरिबाचे ज्ञान त्याच्या देहाबरोबर जळते. त्याला विचारणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. ती समाजाची संपत्ती वाचवण्याची बाब आहे.

न विचारल्याचे शल्य

पण याच खानदेशात चळवळीला आरसा दाखवणारीही गोष्ट घडली. १९७० च्या दशकाच्या आरंभी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात, अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी सालदार आणि भूमिहीन उठले. बाहेरून आलेले तरुण त्यांच्यात मिसळले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. हातची गेलेली जमीन आणि मजुरी हे तिचे मुख्य विषय. पण स्त्रियांची वेगळी शिबिरे भरू लागली तेव्हा त्यांनी दारू आणि नवऱ्याची मारहाण हा विषय पुढे आणला, आणि गावोगाव दारूची मडकी फुटली. हा विषय कोणत्याही नेत्याच्या टिपणात आधी नव्हता. जागा वेगळी मिळाली आणि बोलायला सवड मिळाली, तेव्हा तो बाहेर आला. मजुरी वाढवून आणली तरी ती गुत्त्यावर जाणार असेल तर घरात काय येते, हा अर्थशास्त्रातला अत्यंत अचूक प्रश्न त्या निरक्षर स्त्रियांनी संघटनेलाच विचारला.

त्याच चळवळीतले भिल्ल कार्यकर्ते आणि कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांची 'स्टेज' ही कविता कार्यकर्त्यांच्या प्रत्येक वर्गात वाचली जावी. व्यासपीठावर बसून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्यांविषयी ती आहे. ती वाचल्यावर रागवावे असा मोह होतो. कारण ज्यांच्याविषयी ती आहे ते शत्रू नव्हेत, ती चळवळीचीच माणसे आहेत, त्यांतल्या अनेकांनी नोकऱ्या सोडल्या, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. तरीही तक्रार खरी आहे. त्यागाने माणसाला बोलण्याचा अधिकार मिळतो, पण दुसऱ्याच्या वतीने कायमचे बोलत राहण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्यावर नेण्याजोगा नाही. कार्यकर्ते म्हणतात, 'अन्याय डोळ्यांसमोर दिसतो आहे, जमीन जाते आहे, मजूर उपाशी आहे. अशा वेळी प्रश्न काय विचारत बसायचे? पाहण्या आणि अहवाल तर सरकारही करते. त्यांनी कोणाचे पोट भरले?' यात तथ्य आहे. विचारणे हे कृती टाळण्याचे निमित्त होऊ शकते, आणि तसे झालेलेही आहे. आदिवासी भागात येऊन प्रश्नावल्या भरून नेणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती; परत येऊन निष्कर्ष सांगणारे मात्र क्वचित. म्हणून चळवळीच्या प्रश्नाची कसोटी कडक असली पाहिजे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने उद्याच्या कामात काहीच बदलणार नाही, तो प्रश्न विचारूच नये. आणि ज्या कामाआधी एकही प्रश्न विचारलेला नाही, ते काम सुरूच करू नये. फैजपूरच्या वाटेवर शेतकरी चालत होते आणि विचारपूसही होत होती. दोन्ही एकाच पायांनी झाले.

गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले त्यांच्या आठवणी सांगतात की, ते कीर्तन म्हणजे प्रश्नांची माळ असे. बाबा विचारत आणि हजारोंचा समुदाय उत्तर देई. ते प्रश्न शिकवण्याचे होते, बाबांना उत्तर ठाऊक होते. कार्यकर्त्यांनी ती रीत उचलली आणि ती सोपीही आहे. पण लोकांकडून शिकायचे असेल तर ज्याचे उत्तर स्वतःला ठाऊक नाही असा प्रश्न विचारावा लागतो, आणि 'हे मला ठाऊक नाही' असे चारचौघांत म्हणावे लागते. नेतृत्वाची सवय लागलेल्या जिभेला हे वाक्य जड जाते.

मित्रहो, इथून परत जाल तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावात एक काम करून पाहावे. ज्या माणसाला आजवर सभेत कोणी बोलावले नाही, अशा एका वडीलधाऱ्या माणसाकडे किंवा बाईकडे संध्याकाळी जाऊन बसावे. पत्रक नेऊ नये. तिच्या शेताविषयी, विहिरीविषयी, दुष्काळाविषयी विचारावे. सांगेल ते तिच्या शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे, आणि ती विचारेल त्याचे खरे उत्तर द्यावे. पुढच्या अभ्यासवर्गाची सुरुवात वक्त्याच्या भाषणाने न होता त्या वह्यांच्या वाचनाने व्हावी. ज्यांचे दावे अजून अडकून आहेत, त्यांच्या कामाला त्यांतली पाने लागतील. आणि त्या म्हाताऱ्या माणसांना वर्गाला बोलावले तर वक्त्यांनी खाली बसून ऐकण्याची सोय आपोआपच होईल.